पाचवी ‘ब’चा आदर्श पाठ

सीवूड्स
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय पुतळाताई,

चार दिवसांत सहा फोन केले, तू एकही उचलला नाहीस. म्हटलं, टपाल खात्याला कामाला लावू. मी श्यामसुंदर. गुरुजींच्या क्लासात तुझ्या डाव्या हाताला बसायचो आणि तुझ्या तंबोऱ्याच्या खुंट्या गुपचूप पिळून ठेवायचो, तोच. इतकी ओळख पुरे.

ताई, मी फसलोय. जूनपासून मला नोकरी लागली आहे, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी! महापे इथल्या एका कॉलेजात शाळांसाठी संगीतशिक्षक तयार करण्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तिथे मी प्राध्यापक झालो. अर्जात ‘अध्यापनाचा अनुभव’ असा रकाना होता. मी ‘सव्वीस वर्षे’ लिहिलं. खोटं नाही ते. सव्वीस वर्षं मी घरी शिकवण्या घेतल्या. एका वेळी एक विद्यार्थी, फार तर दोघी सख्ख्या बहिणी, आणि मध्ये चहा. कॉलेजवाल्यांनी धरून चाललं की सव्वीस वर्षं शाळेत. मी ते दुरुस्त केलं नाही. आधी राहून गेलं, नंतर धीर झाला नाही.

माझे सहा विद्यार्थी आहेत. गातात बरे, पण प्रश्न असे विचारतात की मला घाम फुटतो. केतन नावाचा एक आहे, तो परवा म्हणाला, “सर, पन्नास पोरं एकदम बोंबलायला लागली तर करायचं काय? सीन काय असतो वर्गात?” मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “त्यांना सुरात घ्यायचं.” सहाही जणांनी ते वहीत लिहून घेतलं. त्याचा अर्थ मला स्वतःला माहीत नाही.

आणि आता तेरा फेब्रुवारीला विद्यापीठाची समिती येते आहे. अभ्यासक्रमाची मान्यता टिकवायची की काढून घ्यायची, ते ठरवायला. त्यांच्यापुढे आदर्श पाठ द्यायचा आहे. म्हणजे खऱ्या शाळेतला खरा वर्ग, पाचवी ‘ब’, मुलं पन्नास, वेळ पस्तीस मिनिटं, आणि शिकवणार मी. मान्यता गेली तर या सहा जणांचं वर्ष गेलं. यातल्या दोघांनी चांगल्या नोकऱ्या सोडल्या आहेत.

तू एकतीस वर्षं शाळेत गाणं शिकवलंस. मला एवढंच सांग, वर्गात शिरल्यावर पहिलं काय करायचं?

तुझा गोंधळलेला गुरुबंधू,
श्याम


घणसोली गाव
१७ नोव्हेंबर २०२५

श्याम,

जग कुठल्या कुठे गेलं आणि तू अजून तो बटणांचा फोन धरून बसला आहेस. व्हॉट्सअ‍ॅप असतं तर दोन ओळींत काम झालं असतं. फोनवर बोलायला मला आवडत नाही. जे विचारायचं ते लिहून विचार. घरी येऊ नकोस, वरच्या मजल्यावर रंगकाम चालू आहे.

शिरल्यावर पहिलं काही करू नकोस. गप्प उभा राहा. पोरं आधी दंगा करतील, मग त्यांना शंका येईल, मग ती तुझ्याकडे बघतील. सगळी बघायला लागली की कामाला लाग. पेटी उघडायची घाई नको. पेटी उघडली की पोरांचे डोळे पट्ट्यांवर जातात, तुझ्याकडे येत नाहीत.

आणि तू पण त्यांच्याकडे बघ. ज्याचे खांदे वर गेले तो सुराला ओढतोय, त्याला जोर कमी करायला सांग. ज्याची हनुवटी पुढे आली तो शेजाऱ्याशी शर्यत लावतोय. ज्याचे ओठ हलतात पण गळा हलत नाही तो गातच नाही, नुसतं दाखवतोय. त्याला सगळ्यांसमोर बोलू नकोस. जवळ जा, खाली बस, त्याचा हात तुझ्या गळ्यावर ठेव आणि तू गा. त्याला कळतं.

“सुरात घ्यायचं” म्हणे! तुझं बोलणं अजून तसंच आहे.

पुतळा


सीवूड्स
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र म्हणजे ग्रंथ आहे. मी ते वर्गात शिकवलं, तुझं नाव न घेता. (क्षमस्व.) त्याला नाव दिलं ‘निरीक्षणाधारित स्वरशिक्षण’. सहामाहीत त्यावर दहा मार्कांचा प्रश्नही काढला.

चमत्कार असा की ते चालतं! माझी विद्यार्थिनी निशिगंधा नेरूळच्या एका शाळेत सराव पाठाला गेली होती. मागच्या बाकावर एक मुलगा नुसते ओठ हलवत होता. हिनं त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवला. पोरगं दचकलं, हसलं आणि गायला लागलं. निशिगंधा परत आली ती रडतच. मला म्हणाली, “सर, तुम्ही किती वर्षं शाळेत काढलीत, ते आज कळलं.” मी त्या वेळी काय चेहरा केला असेल, देव जाणे.

पण माझा आता दुसराच गोंधळ झालाय. माझ्या सगळ्या आयुष्यात मी कानानं शिकलो आणि कानानं शिकवलं. डोळे मिटून बसायचं, समोरचा कुठे घसरला ते पकडायचं. तुझ्या पत्रात खांदे आहेत, हनुवटी आहे, गळा आहे. कान कुठेच नाही. मग वर्ग ऐकायचा की बघायचा? केतननंही हेच विचारलं. मी म्हणालो, “पुढच्या तासाला सांगतो.”

एकदा भेटूया का? रंगकाम झालं असेल.

श्याम


घणसोली गाव
८ डिसेंबर २०२५

श्याम,

माझ्या पत्रावर दहा मार्क! कुणाला पैकीच्या पैकी मिळाले का? मला तरी मिळाले असते का?

ऐकायचं काय, ऐकतात सगळेच. बघत कुणी नाही. तेवढंच उत्तर.

कामाचं लिहिते. चांगली गाणारी मुलं तू पहिल्या रांगेत बसवणार, मला माहीत आहे. सगळे तेच करतात, समितीला दिसावीत म्हणून. तसं करू नकोस. त्यांना तिसऱ्या रांगेत बसव. मग पुढच्यांना मागून सूर मिळतो आणि आपल्याला कुणी शिकवतंय असं वाटतही नाही.

राग बीग शिकवू नकोस. मी एक खेकड्याचं गाणं केलं होतं, माझंच. खाडीतला खेकडा दोन पावलं वर जातो, एक बाजूला, मग खाली. पोरं उभी राहून तशी पावलं टाकतात आणि स्वर आपोआप चढतात-उतरतात. चाल सोबतच्या कागदावर लिहिली आहे.

घरी पाहुणे आहेत. येऊ नकोस.

पुतळा


सीवूड्स
२४ डिसेंबर २०२५

प्रिय ताई,

काय लिहावं कळत नाही, पण लिहितो.

परवा शाळेनं मला पाचवी ‘ब’बरोबर वीस मिनिटं दिली, तालीम म्हणून. माझे सहाही विद्यार्थी मागे वह्या घेऊन उभे. तू लिहिलंस तसा गप्प उभा राहायला गेलो, पण डोळ्यांच्या पन्नास जोड्या बघून माझा धीर सुटला आणि मी सवयीनं डोळे मिटून आलाप सुरू केला. चांगला लागला होता गं सूर. तेवढ्यात पुढची एक मुलगी काळजीनं म्हणाली, “सर, पोटात दुखतंय का?” मग जे हसू उसळलं ते घंटा होईपर्यंत थांबलं नाही. शेजारच्या वर्गाच्या बाई दोनदा डोकावून गेल्या.

तिथून तडक मी तुझ्याकडे आलो. रिक्षावाल्यानं गावठाणाच्या तोंडाशी सोडलं. विचारत विचारत, मोटारसायकली चुकवत तुझं घर गाठलं. तू पहिल्या मजल्यावर गॅलरीत पाठमोरी, तुळशीला पाणी घालत होतीस. मी खालून हाक मारली. एकदा नाही, चारदा. समोरचा किराणावाला बाहेर आला, वरच्या भाडेकरूंची खिडकी उघडली. तू वळलीसुद्धा नाहीस. पाणी घातलंस आणि आत गेलीस.

रंगकाम नव्हतं. पाहुणेही दिसले नाहीत. परत येताना सगळं लक्षात आलं. फोन न उचलणं, येऊ नकोस, येऊ नकोस. तुला ते अजून विसरता आलेलं नाही. माझ्या तोंडून ऐकायचं असेल तर लिहितो, म्हणजे माझ्याही मनावरचं ओझं उतरेल.

अठ्ठ्याऐंशी सालच्या गुरुपौर्णिमेला शेवटची, मानाची बैठक गुरुजींनी तुला दिली होती. आदल्या संध्याकाळी मी त्यांना सांगितलं की पुतळाताईचा घसा बसलाय, तिला विचारू नका, विचारलंत तर संकोचानं ती ‘गाते’ म्हणेल. तुझा घसा ठणठणीत होता. त्यांनी विश्वास ठेवला. बैठक मला मिळाली. पुढच्या महिन्यापासून तू क्लासला आली नाहीस.

मला लाज वाटते, ताई. सदतीस वर्षं वाटते आहे. तू मला शिक्षा केलीस ते योग्यच आहे. फक्त या सहा पोरांना त्यात ओढू नकोस, एवढीच विनंती.

श्याम


घणसोली गाव
३ जानेवारी २०२६

श्याम,

पत्र तीनदा वाचलं.

हे मला माहीत नव्हतं.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. बैठक तुला दिली एवढंच गुरुजी म्हणाले. मी समजले की आगऱ्याची पोर, मिठागरातून आलेली, तिला शेवटी कशाला बसवायचं. त्यांनी तसं कधी दाखवलं नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. सदतीस वर्षं मी त्या म्हाताऱ्याला मनात बोल लावला. ते गेले तेव्हा सगळे गेले, मी गेले नाही. आई म्हणाली होती, “जाऊन ये गं, गुरु हाय तो तुजा.” मी शाळेत तास घेत बसले. आता कुणाकडे जाऊन सांगू?

तू ओझं उतरवलंस. ते माझ्या डोक्यावर ठेवलंस.

आता माझंही ऐक. तू खालून मारलेल्या हाका मला ऐकू आल्या नाहीत. उजवा कान अकरा वर्षांपूर्वी गेला, मग डावा. मशीन आहे, पण त्यात माणसांचं बोलणं आणि भांड्यांचा आवाज एकच येतो. समोर बसून सावकाश बोललं तर ओठांवरून कळतं. फोन उचलून काय करू? घरी कुणाला येऊ देत नाही, कारण पाच मिनिटांत समजतं आणि मग लोक मोठ्यानं, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागतात. तुझ्यासमोर तर मुळीच नको होतं. एके काळी आपण दोघं एक श्रुती इकडची तिकडे झाली तरी भांडायचो.

नोकरीची शेवटची सात-आठ वर्षं मी तशीच काढली. मुख्याध्यापकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गाण्याचा तास काढून ग्रंथालयात बसवलं असतं. म्हणून बघायला शिकले. खांदे, हनुवटी, गळा. तो तुझा दहा मार्कांचा प्रश्न आहे ना, ती कुठली पद्धत बिद्धत नाही. बहिऱ्या बाईनं नोकरी कशी टिकवली, त्याचं उत्तर आहे ते.

विद्यार्थ्यांना खरं सांग. माझ्याबद्दलही सांगायचं तर सांग.

पुतळा


सीवूड्स
१९ जानेवारी २०२६

ताई,

चार पत्रं लिहिली आणि फाडली. क्षमा मागणार नाही, कारण ती तुझ्याकडे मागायची की गुरुजींकडे, हेच मला कळत नाही. मी वाईट वागलो. दोनदा वागलो. एकदा खोटं बोलून आणि एकदा स्वतःला हलकं वाटावं म्हणून खरं बोलून.

गेल्या सोमवारी प्राचार्यांना माझा अनुभव काय तो सांगून टाकला. मग सहाही जणांना. मी शाळेत एक दिवसही शिकवलेलं नाही, गेले दोन महिने मी तुमच्यापुढे जे बोललो ते पुतळाबाईंचं होतं, आणि त्यांना ऐकू येत नाही. प्राचार्य म्हणाले, “ते आपण नंतर पाहू. पाठाला तज्ज्ञ म्हणून बाहेरचं कुणी चालतं. पण तेरा तारखेला पाठ झालाच पाहिजे.”

तो पाठ तू दे, ताई. मला विचारायचा हक्क नाही, तरी विचारतो. निशिगंधानं चिठ्ठी दिली आहे, ती सोबत ठेवतो. मी वाचलेली नाही.

श्याम

(सोबतची चिठ्ठी)

आदरणीय पुतळाबाई,

सरांनी आम्हाला सगळं सांगितलं. दोन दिवस आम्ही कन्फ्यूज होतो. राग कुणावर धरायचा, तेच कळत नव्हतं. मग मला तो नेरूळचा मुलगा आठवला. त्याचा हात गळ्यावर ठेवला तेव्हा तो खरंच गायला होता. मी ऐकलंय.

तुम्ही आला नाहीत तर पाठ सर घेतील. सरांचा पाठ आम्ही पाहिला आहे.

प्लीज या.

निशिगंधा


घणसोली गाव
२७ जानेवारी २०२६

श्याम,

पोरगी हुशार आहे. चिठ्ठी वाचून महिन्यात पहिल्यांदा हसले.

राग आहे. तो लगेच जाणार नाही, तू वाटही बघू नकोस. मी त्या सहा जणांसाठी येणार आहे. पेटीवर निशिगंधा बसेल. तू मागे भिंतीला टेकून उभा राहायचं आणि तोंड उघडायचं नाही.

अजून एक आहे. हे कुणाला विचारायची मला हिंमत झाली नाही. त्या सात-आठ वर्षांत माझी मुलं सुरात गात होती का? खांदे खाली होते, चेहरे खुललेले होते, स्नेहसंमेलनात लोक टाळ्या वाजवायचे. पण टाळ्या काय, आईबाप कशालाही वाजवतात. माझ्या समोर चारशे-पाचशे मुलं येऊन गेली. त्यांना मी गाणं दिलं की नुसती कवायत करून घेतली, मला माहीत नाही. कधीकधी वाटतं, सरळ राजीनामा द्यायला हवा होता.

तेव्हा माझी अट अशी. पाठ झाल्यावर तू मला लिहून कळवायचं. काय ऐकू आलं ते, जसंच्या तसं. बरं वाटावं म्हणून एक शब्द जरी लिहिलास तर या पत्रापुढे दुसरं पत्र नाही.

पुतळा


सीवूड्स
१४ फेब्रुवारी २०२६

प्रिय ताई,

आधी निकाल. मान्यता टिकली, तीन वर्षांसाठी. सहाही जणांचं वर्ष वाचलं. माझं काय करायचं ते प्राचार्य मार्चनंतर ठरवणार आहेत. समितीनं शेरे चांगले दिलेत, एक सोडून. त्या चष्मेवाल्या बाईंनी लिहिलंय, ‘पाठाच्या शेवटी मुले गात असताना शिक्षिकेने वर्गाकडे पाठ केली. हे टाळावे.’ तू वाचशील तेव्हा तुला कळणार नाही त्या कशाबद्दल बोलताहेत. ते शेवटी सांगतो.

आता अट. काल मी भिंतीला टेकून उभा होतो, डोळे मिटून. मला तसंच ऐकता येतं, माफ कर.

पहिली ओळ बेसूर होती. सरळ लिहितो. तू स्वतः जो ‘सा’ लावलास तो पेटीच्या ‘सा’पेक्षा खाली होता, चांगला जाणवण्याइतका. पुढच्या दोन रांगा तुझ्यामागे खाली गेल्या, तिसरी रांग पेटीला धरून राहिली आणि काही क्षण वर्गात दोन गाणी चालली होती. समितीतल्या एकानं मान खाली घातली, हेही मी पाहिलं, कारण तेव्हा मी घाबरून डोळे उघडले होते, ते पुढे मिटलेच नाहीत.

मग तू गाणं थांबवलंस आणि नुसती पावलं टाकायला लागलीस. तुझा आवाज थांबल्यावर पुढच्यांना मागून सूर मिळाला. दुसऱ्या फेरीला निम्मा वर्ग जागेवर आला. चढताना मुलं बरोबर जात होती, उतरताना घाईत घसरत होती. खेकडा बाजूला सरकतो तिथे खिडकीजवळचे चार मुलगे प्रत्येक वेळी चुकले, शेवटपर्यंत चुकले. ते तुला दिसले नसावेत, कारण पावलं मात्र त्यांची अगदी बरोबर पडत होती.

आणि ती दोन वेण्यांची मुलगी, जिच्यापाशी तू खाली बसलीस आणि जिचा हात गळ्यावर ठेवलास. ती गायली ते तुला तिचा गळा बघून कळलं असेल. आवाज घोगरा आहे, लहान आहे, पण स्वर असा धरते की हलत नाही. तिच्या वर्गशिक्षिका माझ्या शेजारी होत्या. म्हणाल्या, “ही वर्गात बोलत पण नाय हो कधी.” जाई तिचं नाव.

तुझ्या जुन्या मुलांबद्दल मी काही सांगू शकत नाही. मी तिथे नव्हतो. कालचं तेवढं सांगतो.

पाचव्या फेरीनंतर तू दोन्ही हात खाली घेतलेस. निशिगंधानं पेटी थांबवली. गाणं संपलं असं समजून तू वळलीस आणि फळा पुसायला लागलीस. ताई, गाणं संपलं नव्हतं. पेटी नाही, तू नाही, कुणी सांगितलेलं नाही, आणि मुलांनी सहावी फेरी आपणहून सुरू केली. खिडकीजवळचे चौघे सोडले तर सगळी. हळू, कुजबुजल्यासारखी, एकमेकांकडे बघत, आणि अगदी सुरात. मी त्यात खोट शोधली, कारण तुला खरं लिहायचं होतं. नाही सापडली. ती पूर्ण फेरी गायली, शेवटच्या स्वरावर थांबली आणि मग गप्प झाली. तू तोवर फळ्याचा उजवा कोपरा पुसत होतीस.

श्याम